गोवा मुक्तिदिन आणि भातातले मीठ

दरवर्षी १९ डिसेंबर रोजी गोवा आपला मुक्तिदिन साजरा करतो. १९४७ साली भारत स्वतंत्र झाला, तरी गोव्यावर पोर्तुगीज निशाण आणखी चौदा वर्षे फडकत राहिले, हे आमच्या तरुण वाचकांपैकी पुष्कळांना ठाऊक नसते. कोकणच्या किनाऱ्याशी पिढ्यान्‌पिढ्यांचे नाते असलेल्या आम्हां बेने इस्राएल लोकांना गोवा म्हणजे शेजारचेच घर. तेव्हा या दिवसाचा थोडा परिचय येथे अस्थानी ठरू नये.

आल्बुकेर्कने १५१० साली गोवा जिंकला, तेव्हापासून ४५१ वर्षे ती सत्ता टिकली. १८ जून १९४६ रोजी डॉ. राममनोहर लोहियांनी मडगावी बंदीहुकूम झुगारून सभा घेतली. १९५५ साली सेनापती बापट, नानासाहेब गोरे सत्याग्रहींसह सरहद्द ओलांडून गेले. त्याच वर्षी १५ ऑगस्टला निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या. आम्हां शिक्षकांना विशेष आठवावेत ते मोहन रानडे. मराठी शाळेत शिकवावयास म्हणून ते गोव्यात गेले, सशस्त्र लढ्यात पडले आणि गोवा मुक्त झाल्यानंतरही १९६९ पर्यंत पोर्तुगालच्या तुरुंगात राहिले. अखेर डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सेना आत शिरली व दोन दिवसांत काम झाले. शेवटच्या माणसापर्यंत लढा, ही सालाझारची आज्ञा होती. गव्हर्नर वासालो ए सिल्व्हा याने ती न मानता शरणपत्रावर सही केली. अनेकांचे प्राण त्यामुळे वाचले, हे पराभूताच्या बाजूचे असले तरी सांगितले पाहिजे.

परंतु या राजवटीचा हात केवळ किल्ल्यांपर्यंत नव्हता, तो चुलीपर्यंत पोहोचला होता. १५६० साली गोव्यात धर्मन्यायालय स्थापन झाले. त्याच्या १७३६ च्या एका फर्मानाने तेथील देशी ख्रिस्ती लोकांस अंगणात तुळस लावण्याची मनाई केली, आणि हिंदूंप्रमाणे अळणी भात शिजवून मागाहून मीठ घेण्याचीही! अ. का. प्रियोळकरांनी या न्यायालयाचा इतिहास ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला, तोही १९६१ सालीच. भातात मीठ केव्हा घालावे हे जेथे सरकार ठरवते, तेथे पारतंत्र्याची निराळी व्याख्या शिकविण्याची गरज उरत नाही. डुकराचे मांस न खाणे हा तर त्या न्यायाधीशांच्या लेखी गुप्त यहुदी असल्याचा पुरावाच होता. वैद्य गार्सिया दा ओर्ता यहुदी वंशाचा. भारतीय औषधी व फळांवरील त्याचा विख्यात ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. तो वारल्यावर पुढच्याच वर्षी, १५६९ मध्ये, त्याच्या बहिणीला जिवंत जाळण्यात आले. १५८० साली त्याच्या अस्थीही उकरून जाळल्या. आज पणजीतील एका उद्यानाला त्याचे नाव आहे.

आता पानाकडे वळू. मुक्तिदिनासाठी म्हणून ठरलेले असे पक्वान्न नाही. गोव्याचे जे रोजचे, तेच सणाचे. गंमत अशी की मिरची, काजू आणि पाव ही पोर्तुगिजांनीच आणलेली. राज्यकर्ते गेले, मिरची राहिली, आणि तिला हाकलून द्या असे आजवर कोणी म्हटल्याचे ऐकिवात नाही. देवळातल्या प्रसादाच्या पानात खतखते असते: निदान पाच भाज्या, तूरडाळ, नारळ, गूळ आणि कोकम, कांदा-लसूण वर्ज्य. ख्रिस्ती घरांत नाताळासाठी दोदोल ढवळले जाते, तांदळाचे पीठ, गूळ व नारळाचा रस यांचे. त्यात दूध नसल्याने मांसाच्या जेवणानंतरही ते आमच्या ताटात निर्वेध चालावे.

आमच्या भगिनींनी मात्र बांगड्याचे हुमण करून पाहावे. त्याला पंख आहेत, खवले आहेत, हरकत काहीच नाही. ओले खोबरे, सुक्या मिरच्या, धणे व हळद अगदी बारीक वाटावी, कांदा नसला तरी चालतो. वाटण पातळ करून उकळी आली की मीठ, कोकम, ठेचलेली तिरफळे आणि मासळीचे तुकडे सोडावेत व दहा मिनिटांत उतरावे. येथे कोकम न मिळाल्यास चिंच चालेल. तिरफळाला मात्र पर्याय नाही. भारतातून कोणी येणार असेल तर मूठभर मागवून ठेवावीत.