कच्च्या वहीतली माणसं

दोस्तांनो, तुमच्या दप्तरात एक पक्की वही असते आणि एक कच्ची. पक्की वही बाई तपासणार, म्हणून तिच्यात अक्षर कसं नेटकं! कच्ची वही मात्र वर्ष संपलं की रद्दीत. आज गोष्ट सांगतो ती अशा एका चित्रकाराची, ज्याच्या कच्च्या वहीनं पक्कीला मागं टाकलं.

त्याचं नाव डेव्हिड ऑक्टेव्हियस हिल. १८०२ साली स्कॉटलंडमधल्या पर्थ इथं जन्मला. निसर्गचित्रं काढण्यात त्याचा हातखंडा. एडिंबरो शहरात त्याचं चांगलं नाव होतं.

१८४३ च्या मे महिन्यात त्या शहरात एक मोठी घटना घडली. गावच्या चर्चमध्ये धर्मगुरू कोणी नेमायचा, लोकांनी की जमीनदारानं, यावरून वाद पेटला होता. शेवटी साडेचारशेहून अधिक धर्मगुरू सरकारमान्य चर्च सोडून बाहेर पडले. पगार गेला, राहतं घर गेलं, पण कोणी डगमगलं नाही. हिल भारावून गेला. त्यानं ठरवलं, या सगळ्यांचं एकच भलंमोठं चित्र काढायचं!

पण शेकडो चेहरे लक्षात कसे ठेवायचे? मंडळी तर लवकरच आपापल्या गावी परतणार. तेव्हा डेव्हिड ब्रूस्टर या शास्त्रज्ञानं सुचवलं, ‘फोटो काढून ठेवा.’ आणि त्यांनी हिलची गाठ घालून दिली रॉबर्ट अ‍ॅडमसनशी. हिल चाळिशी ओलांडलेला, अ‍ॅडमसन अवघा बावीस वर्षांचा. त्याला व्हायचं होतं इंजिनिअर, पण तब्येत नाजूक.

तेव्हाचा फोटो म्हणजे केवढा खटाटोप! कागदाला चांदीच्या क्षारांचा लेप द्यायचा, तो कॅमेऱ्यात ठेवून निगेटिव्ह घ्यायची आणि मग दुसऱ्या कागदावर उन्हात सुलटं चित्र उमटवायचं. विजेचे दिवे नव्हते, म्हणून दोघं खुर्च्या, पडदे, पुस्तकं बाहेर उन्हात मांडून दिवाणखाना उभा करत. समोरच्या माणसानं मिनिटभर, कधी त्याहूनही जास्त वेळ पुतळ्यासारखं बसायचं. डोकं हलू नये म्हणून पुष्कळांनी हातावर टेकवलेलं दिसतं. माणसाला कसं बसवायचं, ऊनसावली कुठं हवी, हे हिल बघे. कॅमेरा आणि रसायनं अ‍ॅडमसनकडं.

चित्रासाठी सुरू झालेलं हे काम दोघांना इतकं आवडलं, की ते थांबेचनात. जवळच्या न्यूहेवन या कोळीवाड्यात जाऊन त्यांनी पाठीवर टोपल्या घेतलेल्या कोळिणी, होड्यांपाशी उभे असलेले कोळी, पोरंटोरं यांचे शंभराहून जास्त फोटो काढले. आपल्या मुंबईच्या विल्सन कॉलेजचे संस्थापक जॉन विल्सन यांच्याबरोबर तिकडं गेलेला धनजीभाई नौरोजी हा पारशी तरुणही त्यांच्या कॅमेऱ्यासमोर बसला होता. साडेचार वर्षांत सुमारे तीन हजार फोटो झाले!

आणि १८४८ च्या जानेवारीत अ‍ॅडमसन वारला. वय फक्त सव्वीस. हिल पुन्हा कुंचल्याकडं वळला. पुढं दुसऱ्या जोडीदाराबरोबर त्यानं फोटो काढून पाहिले, पण ती रंगत आली नाही.

ते मोठं चित्र पुरं झालं १८६६ साली, तब्बल तेवीस वर्षांनी. शेवटी त्याची शिल्पकार पत्नी अमेलिया मदतीला होती. चित्रात ४५७ माणसं आहेत. नुसती डोक्याला डोकी! पण त्या गर्दीत नीट पाहिलंत तर कॅमेऱ्यापाशी एक तरुण सापडेल. तो अ‍ॅडमसन. जाऊन अठरा वर्षं झाली होती, तरी हिल आपल्या मित्राला विसरला नव्हता.

१८७० साली हिल गेला. आज लोक त्याचं नाव घेतात ते त्या चित्रासाठी नव्हे, तर चित्राची तयारी म्हणून काढलेल्या फोटोंसाठी! आणि ते नाव एकटं येत नाही. ‘हिल आणि अ‍ॅडमसन’ असंच म्हणतात.

तेव्हा दोस्तांनो, कच्ची वही रद्दीत टाकण्याआधी एकदा चाळून बघा. आणि तिच्यात एखाद्या मित्राचं अक्षर सापडलं, तर शेजारी त्याचं नाव लिहून ठेवा बरं का!