मटकीचा मोड आणि सोयाबीनचा वास



धाकट्याला गाईचं दूध पचत नाही, म्हणून सोयाबीनचं दूध घरीच करायचं ठरवलं. दाणे रात्रभर भिजवले, सकाळी गार पाण्यात वाटले, गाळले, उकळले. त्यानं एक घोट घेतला आणि पेला सरकवला. "मम्मी, कच्चा वास येतोय!" आम्ही चलथाणची, साखर कारखान्याच्या गावातली माणसं. दोन चमचे साखर घातली, तरी वास झाकला नाही.

हा प्रताप 'लायपॉक्सिजनेज' या विकराचा, म्हणजे एन्झाइमचा. सोयाबीनच्या तेलात सुमारे निम्मं लिनोलेइक आम्ल असतं. दाणा वाटला की विकर त्याला गाठतं आणि हवेतला ऑक्सिजन जोडतं. पुढे त्याचे तुकडे पडून हेक्झानलसारखी वासाची द्रव्यं तयार होतात. मग कितीही उकळा, वास राहतोच.

याच विकराला बियांमध्ये आणखी एक काम असतं. तिथे मेदाम्लांपासून बनलेले 'एनएई' नावाचे पदार्थ अगदी थोडे असतात. त्यांचा एक भाऊबंद आपल्या मेंदूतही आहे. गांजातलं द्रव्य जिथे चिकटतं, तिथेच तो चिकटतो. १९९२ मध्ये जेरुसलेमला राफाएल मेशुलाम यांच्या प्रयोगशाळेत तो सापडला आणि संस्कृत 'आनंद' शब्दावरून त्याला 'आनंदामाइड' नाव मिळालं. घाबरू नका, उसळ खाऊन नशा येत नाही!

प्रयोगात हे एनएई बाहेरून जास्त दिले, तर कोवळ्या रोपाची वाढ खुंटते. बी रुजताना ते कमी होत जातात. एक विकर त्यांचे तुकडे करतं, तर लायपॉक्सिजनेज त्यांतल्या काहींना ऑक्सिजन जोडतं. म्हणजे मटकी फडक्यात बांधून ठेवली, तरी आत कामं चालूच असतात.

विकराचा शत्रू म्हणजे उष्णता. म्हणून दुसऱ्या खेपेला भिजलेले दाणे आधी उकळत्या पाण्यात पाच मिनिटं टाकले, कडकडीत पाण्यातच जपून वाटले आणि दूध पुन्हा पंधरा मिनिटं उकळलं. शेवटचं उकळणं चुकवू नका. कच्च्या सोयाबीनमध्ये पचनात अडथळा आणणारी द्रव्यंही असतात. इंदूरच्या सोयाबीन संशोधन संस्थेनं तर लायपॉक्सिजनेज-२ नसलेलं 'एनआरसी १३२' हे वाणच काढलं आहे.

या वेळी पेला रिकामा झाला. तुम्हीही करून बघा आणि घरच्या छोट्या परीक्षकांचं मत जरूर कळवा.