न तुटलेला पट्टा

जी वस्तू तुटलेली नाही, आवाज करत नाही, गळत नाही, ती काढून टाकायची आणि तिच्या जागी अगदी तशीच दुसरी बसवायला पैसे मोजायचे, हे आपल्या मराठी मध्यमवर्गीय मनाला पटणं महाकठीण. आमच्या घरी बनियनचं फडकं व्हायचं आणि फडकं विरलं की पायपुसणं. त्याच परंपरेत वाढलेला मी, आज तुम्हाला सांगणार आहे की जुनी डिझेल गाडी घेतलीत तर तिचा धडधाकट दिसणारा टायमिंग बेल्ट पहिल्याच आठवड्यात काढून टाका. वरवर उधळपट्टी वाटेल, पण मला हाच खरा काटकसरीपणा वाटतो.

आधी थोडी पार्श्वभूमी. न्यूझीलंडमध्ये रस्त्यावर दिसणाऱ्या गाड्यांतल्या पुष्कळशा जपानमध्ये काही वर्षं चालून मग इथे आलेल्या असतात. १९८०च्या दशकाच्या अखेरीस आयातीचे नियम सैल झाले आणि जपानी सेकंडहँड गाड्यांचा ओघ सुरू झाला. त्यातच आली १९९०च्या दशकातली डिझेल फोर-व्हील ड्राइव्ह मंडळी: टोयोटा हायलक्स सर्फ, मित्सुबिशी पजेरो, निसान टेरानो. कच्चे रस्ते, नदीचे उथळ उतार, हिवाळ्यात बर्फाकडे नेणारे घाट, यांसाठी ही जनावरं उत्तम. माझ्याकडेही एक सर्फ आहे, वय पंचविशीच्या पुढे. तीन लिटरचं, चार सिलिंडरचं, १केझेड-टीई नावाचं इंजिन. आवाज ट्रॅक्टरचा, स्वभाव बैलाचा.

आता हा पट्टा करतो काय? इंजिनात खाली क्रँकशाफ्ट फिरतो आणि पिस्टन वरखाली होतात. वर कॅमशाफ्ट फिरतो आणि व्हॉल्व्ह उघडमीट करतात. क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमची बरोबर एक फेरी झाली पाहिजे. हा ताल काही इंजिनांत साखळी सांभाळते, काहींत गिअर, आणि बऱ्याच इंजिनांत रबराचा एक दातेरी पट्टा. मोटारीत असा पट्टा जर्मनीच्या ग्लास कंपनीने १९६२च्या सुमारास पहिल्यांदा आणला. हलका, स्वस्त, आवाज न करणारा, तेल न मागणारा. गुण पुष्कळ, अवगुण एकच: तो कायमचा नसतो.

डिझेल इंजिनात हवा प्रचंड दाबावी लागते. माझ्या गाडीत साधारण एकवीस पट. म्हणजे पिस्टन वर आला की त्याच्या डोक्यावर जागा जवळजवळ उरतच नाही. पट्टा शाबूत असेल तर त्या क्षणी व्हॉल्व्ह मिटलेले असतात. पट्टा तुटला किंवा दोन-चार दात सरकला, तर कॅम थांबतो किंवा त्याचा ताल चुकतो, गाडीच्या वेगामुळे पिस्टन मात्र वर येतच राहतो आणि उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो. व्हॉल्व्ह वाकतात, कधी रॉकर मोडतात, कधी पिस्टनलाच भोक पडतं. हे सगळं सेकंदाच्या आत. इंजिन बंद पडलं की पॉवर स्टीअरिंग जड होतं आणि ब्रेकची मदतही दोन-तीनदा दाबण्यापुरतीच उरते. हे घाटउतारावर झालं तर प्रश्न पैशांचा राहत नाही. दक्षिण बेटाच्या पश्चिम किनाऱ्याकडे, हास्टच्या बाजूला, मैलोन् मैल मोबाइलला रेंज नसते, हेही लक्षात घ्या.

थोडं गणित करू. ताशी १०० किलोमीटरला इंजिनाच्या मिनिटाला २५०० फेऱ्या धरल्या, तर एका किलोमीटरला १५०० फेऱ्या होतात. या इंजिनाच्या पट्ट्याचं आयुष्य टोयोटाने एक लाख किलोमीटर धरलंय. म्हणजे क्रँकच्या पंधरा कोटी फेऱ्या, आणि प्रत्येक व्हॉल्व्हची साडेसात कोटी उघडमीट. रबराच्या पट्ट्याने एवढं केल्यावर त्याला निवृत्ती द्यावी, यात मला तरी उधळपट्टी दिसत नाही.

"पण काढलेला पट्टा अगदी नव्यासारखा दिसत होता हो!" हे वाक्य मी इथेही ऐकलंय आणि पुण्यातही. पोटापाण्यासाठी मी पदार्थांचा थकवा मोजतो. नमुना यंत्रात लावायचा, लाखो वेळा ताणायचा आणि तो कधी तुटतो ते पाहायचं. तुटण्याच्या थोडं आधीपर्यंत बहुतेक नमुने नुसत्या डोळ्यांना ठणठणीत दिसतात. पट्ट्याचा खरा भार आतले काचतंतूंचे दोर वाहतात, ते बाहेरून दिसतच नाहीत. शिवाय इंजिनाची उष्णता, झिरपलेलं तेल आणि नुसता काळ, हे तिघं रबराला म्हातारं करत असतात. म्हणून गाडी नुसती उभी होती, हा बचाव पट्ट्याच्या बाबतीत चालत नाही. तुटलेल्या नखासारखा आधी इशारा देणारा हा भाग नाही.

मग डॅशबोर्डवर तो टी-बेल्टचा दिवा असतो, त्याचं काय? तो दिवा पट्ट्याकडे बघत नाही. तो फक्त किलोमीटर मोजतो आणि लाखाला पेटतो. पट्टा न बदलताही तो विझवता येतो. म्हणजे विझलेला दिवा हा पट्टा बदलल्याचा पुरावा होत नाही.

इथेच सेकंडहँड गाडीचा खरा प्रश्न सुरू होतो. विकणारा म्हणतो, "कॅमबेल्ट झालाय." कधी झाला, किती किलोमीटरला, कोणी केला? पजेरोच्या २.५ लिटर ४डी५६ इंजिनात तर दोन पट्टे असतात. मोठा कॅमसाठी, आणि आत लपलेला धाकटा, इंजिनाची थरथर कमी करणाऱ्या बॅलन्स शाफ्टसाठी. धाकटा तुटून मोठ्यात अडकला की दोघंही जातात. तेव्हा "झालाय" म्हणजे कोणता, हेही विचारायला हवं. सरकारी वॉरंट ऑफ फिटनेसवर विसंबू नका. त्यात ब्रेक, टायर, दिवे, गंज, सीटबेल्ट तपासतात, टायमिंग बेल्टचं झाकण कोणी उघडत नाही. ओडोमीटरवरही डोळे मिटून विश्वास नको. इथे डिझेल गाडीला रस्त्याचा कर पंपावर लागत नाही, हजार-हजार किलोमीटरचा परवाना आगाऊ विकत घ्यावा लागतो. जिथे प्रत्येक किलोमीटरला कर आहे, तिथे किलोमीटर लपवण्याचा मोहही आहे.

म्हणून माझा नियम साधा आहे: पावती किंवा बॉनेटखाली तारीख-किलोमीटर लिहिलेलं स्टिकर नसेल तर पट्टा बदललेला नाही असंच धरायचं, आणि ती रक्कम गाडीच्या किमतीतच मिळवायची. सर्फमध्ये हे काम फार अवघड नाही, कारण खालचा भाग गिअर सांभाळतात आणि पट्टा वरच्या बाजूला, हाताशी असतो. काम झाल्यावर चांगला मेकॅनिक आधी पाना लावून इंजिन हाताने दोन फेऱ्या फिरवतो आणि खुणा पुन्हा जुळतात का पाहतो. कुठे अडलं तर हाताला कळतं. स्टार्टरला कळत नाही, तो थेट व्हॉल्व्ह वाकवतो. ही दोन मिनिटं वाचवणाऱ्या गॅरेजात गाडी देऊ नये.

आता दुसरी बाजू. गॅरेजवाले भीती घालून लुबाडतात, ही शंका अनाठायी नाही. चाळीस हजारालाच पट्टा बदला म्हणणारे महाभागही असतात. शिवाय प्रत्येक वेळी इंजिन उघडणं हीसुद्धा एक जोखीम आहे. एक दात चुकीचा बसला की चांगली गाडी बिघडते. म्हणून माझा आग्रह "वारंवार बदला" असा नाही. पुस्तिकेत जे किलोमीटर आणि जी वर्षं दिलीत, त्यांतलं जे आधी येईल तेव्हा बदला. काढलेला पट्टा परत मागा, पावतीवर पट्टा आणि टेन्शनर वेगवेगळे लिहून घ्या. आळसासारखीच भीतीही महाग पडते.

हे सगळं न्यूझीलंडचं झालं, आम्हाला काय त्याचं, असं म्हणू नका. क्रिस्टा येण्याआधीच्या, म्हणजे २००५ ते २०१६च्या डिझेल इनोव्हात पट्टाच आहे. पहिल्या पिढीच्या तीन लिटर फॉर्च्युनरमध्येही, आणि डिझेल डस्टरमध्येही. या गाड्या आता दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे आहेत. शिर्डी, तुळजापूर, महाबळेश्वर अशा रोजच्या फेऱ्या मारताहेत, सात-आठ माणसं भरून. त्यांतल्या कितींच्या मालकाला पट्टा कधी बदलला ते ठाऊक असेल?

आपल्याला देखभाल माहीत नाही असं मी मुळीच म्हणणार नाही. रेल्वेच्या माटुंगा कारखान्यात डबे ठरल्या वेळी उघडून तपासले जातात, मोडायची वाट बघत नाहीत. खंडेनवमीला आपण हत्यारं पुसतो, तेल लावतो, त्यांच्यापुढे हात जोडतो. जे आपलं पोट भरतं त्याची वर्षातून एकदा तरी विचारपूस करावी, ही कल्पना आपल्या रक्तात आहे. फक्त गाडीच्या बाबतीत ती बॉनेटवरच्या झेंडूच्या माळेशी थांबते. या दसऱ्याला माळ जरूर घाला. पण आधी बॉनेट उघडा, पावती शोधा, आणि ती सापडली नाही तर मेकॅनिकला फोन करा. आणि नवा पट्टा बसला की एका कागदावर तारीख आणि किलोमीटर लिहून आत चिकटवा. तुमच्यानंतर ती गाडी जो कोणी घेईल, तो तुम्हाला ओळखत नसेल, पण दुवा नक्की देईल.