खाली पडलेलं टोपण

सुरुवातीलाच सांगते, मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादक मंडळाने पदरात घ्याव्यात. आणि इंजिनिअरिंगच्या मासिकात हॉस्पिटलचा विषय कशाला, असं ज्यांना वाटेल त्यांनी आठवून बघावं, गेल्या पावसाळ्यात आपल्या होस्टेलमधले किती जण हाताला पट्टी लावून, सलाईन घेऊन आले होते!

गेल्या दिवाळीनंतर माझी आजी दिंडोरीला मळ्यात पाय घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. नाशिकच्या एका हॉस्पिटलमध्ये ऑपरेशन झालं आणि चांगलं झालं. (नाव लिहीत नाही, कारण मुद्दा त्या एका हॉस्पिटलचा नाहीच.) रात्री तिच्याजवळ मी थांबायचे. तिसऱ्या रात्री दोनच्या सुमारास सिस्टर इंजेक्शन द्यायला आल्या. आजीच्या हाताला जे इंट्राकॅथ लावलं होतं त्याचं इवलंसं टोपण त्यांच्या हातून निसटलं आणि कॉटखाली गेलं. त्यांनी वाकून ते उचललं, ॲप्रनला पुसलं आणि परत लावलं. दहा सेकंदांचा मामला. मी ते पाहिलं. मी पाहिलं हे त्यांनीही पाहिलं. आणि मी काय केलं? मोबाइलमध्ये डोकं घातलं.

दोन दिवसांनी आजीचा हात लाल होऊन सुजला, हुडहुडी भरून ताप आला. रक्त तपासणी, महागडी अँटिबायोटिक्स, आणि आठवड्याभरात घरी येणारी आजी एकोणीस दिवसांनी आली. त्या टोपणामुळेच हे झालं असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. सुई शिरेत राहिली की जंतूंना आत जायला दार उघडंच असतं, ते कुठूनही जाऊ शकतात. पण माझ्या डोक्यातून ते टोपण काही जात नाही.

माझी मावसबहीण नर्सिंग करते. तिला सांगितलं तर ती माझ्यावरच भडकली. "मग तू बोलली का नाहीस?" मी म्हटलं, "अगं ताई, त्यांना राग आला असता." ती म्हणाली, "येऊ दे ना! राग दोन मिनिटांत जातो." नंतर शांतपणे तिने दुसरी बाजूही सांगितली. रात्रपाळीला चाळीस कॉटमागे दोनच सिस्टर, नवीन टोपणं कपाटात कुलपात, किल्ली इन्चार्जकडे, आणि एक जास्त घेतलं तर "कशाला लागलं?" याचं उत्तर द्यायचं. हात धुवायचं बेसिन व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला. अशा वेळी कोणीही माणूस खाली वाकून टोपण उचलेल. मीसुद्धा.

मग मी नेटवर शोधायला बसले (सबमिशन सोडून!) आणि एकशेवीस वर्षांपूर्वीची, थेट मुंबईशी जोडलेली एक गोष्ट सापडली. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. वाल्डेमार हाफकिन या शास्त्रज्ञाने प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःलाच टोचून घेतली. पुढे परळच्या प्रयोगशाळेतून ही लस देशभर जायला लागली. ३० ऑक्टोबर १९०२ ला पंजाबातल्या मुल्कोवाल नावाच्या गावात १०७ जणांना लस टोचली. त्यातले १९ जण धनुर्वाताने मेले. पाच बाटल्या उघडल्या होत्या, पण मेलेले सगळेच्या सगळे एकाच बाटलीतले. तिचा नंबर ५३-एन. बाकीच्या ८८ जणांना काही झालं नाही.

सरकारने काय केलं? हाफकिनला दोषी धरलं, कामावरून दूर केलं. मुंबईच्या प्रयोगशाळेतच बाटली बिघडली असा निष्कर्ष काढून चौकशी मंडळ मोकळं झालं. पण त्याच कागदपत्रांमध्ये एक साधी गोष्ट होती. बाटलीचं बूच काढायचा चिमटा मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता. त्याने तो जंतुनाशक पाण्यात नुसता हलवून घेतला आणि बाटली उघडली. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात आणि त्यांचे बीजाणू इतके चिवट की असं विसळून मरत नाहीत. चिमटा ज्योतीवर धरायला हवा होता. रोनाल्ड रॉससारख्या शास्त्रज्ञांनी १९०७ साली लंडनच्या टाइम्समध्ये जाहीर पत्र लिहिलं तेव्हा कुठे हाफकिनवरचा डाग पुसला. पुढे १९२५ मध्ये परळच्या संस्थेला त्याचं नाव दिलं. पण त्या चिमट्याचं नाव कुठेच नाही!

मला यात दोन गोष्टी दिसल्या. एक म्हणजे बाटलीवर नंबर होता आणि कोणाला कुठल्या बाटलीतली लस दिली याची नोंद होती, म्हणून निदान सुगावा लागला. दुसरी म्हणजे सगळे "कोणी केलं?" हेच विचारत राहिले. "चिमटा पडल्यावर त्या मदतनिसाने काय करायचं होतं आणि ते करण्याची सोय तिथे होती का?" हे आधी कोणी विचारलं नाही. आपण अजूनही तेच करतो. पेशंट दगावला की काचा फुटतात. महाराष्ट्रात २०१० साली डॉक्टर-नर्सवरच्या हल्ल्यांविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला. ज्या सिस्टरला उद्या मार खायची भीती आहे ती "माझ्याकडून टोपण खाली पडलं" असं कधी बोलेल?

आता आमच्या दिंडोरीचं सांगते. आमच्याकडे जानेवारीपासून द्राक्षाचा एक्स्पोर्ट सुरू होतो. माझी काकू एका पॅकहाऊसमध्ये कामाला जाते. दारातच हात धुवायचे, बांगड्या-अंगठ्या काढायच्या, डोक्याला टोपी, नखं तपासणार. कात्री खाली पडली तर ती बाजूला ठेवायची, दुसरी घ्यायची, आणि त्याबद्दल कोणी ओरडत नाही. खाली पडलेला घड पेटीत जात नाही. प्रत्येक पेटीवर नंबर, त्यावरून माल कुठल्या शेतकऱ्याच्या कुठल्या प्लॉटचा ते कळतं. २०१० साली युरोपने औषधाच्या अंशावरून आपले कंटेनर अडवले, त्याचा धसका बाबा अजून विसरलेले नाहीत. युरोपातल्या अनोळखी गिऱ्हाइकासाठी आपण एवढं करतो. आणि ती द्राक्षं जिने पन्नास वर्षं छाटली त्या माझ्या आजीच्या शिरेत जे जाणार, त्याला ॲप्रनचा कोपरा चालतो? मला याचा खरंच संताप येतो.

म्हणजे आपल्या माणसांना शिस्त जमत नाही वगैरे सगळं खोटं. काकू सातवी शिकली आहे. बेसिन दारात आहे आणि जादा कात्री हाताशी आहे, एवढंच. हा डिझाइनचा प्रश्न आहे मित्रांनो, म्हणून तर आपला!

थोडं आपल्याबद्दल. परीक्षेच्या आधी अशक्तपणा आला की आपण डॉक्टरांनाच सांगतो, "सर, एक सलाईन लावून टाका ना." तोंडाने पाणी पिता येत असेल तर बहुतेक वेळा ओआरएसने भागतं. पण सुई टोचल्याशिवाय आपल्याला बरंच वाटत नाही. २००९ साली गुजरातच्या मोडासा भागात हिपॅटायटिस बीची मोठी साथ आली, ती वापरलेल्या सिरिंज पुन्हा वापरल्यामुळे. म्हणून सुई घ्यायचीच असेल तर पाकीट आपल्यासमोर फोडायला सांगावं. आणि रेक्टर सरांना एक विनंती. सिक रूममध्ये पलंग आहे, पंखा आहे, पण बेसिन नाही. निदान दारात सॅनिटायझरची बाटली अडकवा आणि ती रिकामी झाली की भरायचं काम कोणाचं ते लिहून लावा.

आजीची जखम बघायला आम्ही महिन्याने परत गेलो. ड्रेसिंगला वेगळ्या सिस्टर होत्या. माझ्या पोटात गोळा आला होता, तरी म्हटलं, "सिस्टर, रागावू नका, पण हात धुतलेत का?" त्या क्षणभर थांबल्या. मग काही न बोलता वळल्या, व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेल्या, हात धुऊन आल्या, आणि ड्रेसिंग झाल्यावर म्हणाल्या, "बरं केलं विचारलंत, सकाळपासून बावीस झालेत."

रिक्षात बसल्यावर आजी मला म्हणते कशी, "उगाच त्या पोरीला एवढं चालायला लावलंस!"