राउटरवर किती भार घालावा?

गोंदिया जंक्शनवरून हावडा-मुंबई मार्गाखेरीज बालाघाटकडे आणि नागभीडमार्गे बल्लारशाहकडे गाड्या सुटतात. त्यांना योग्य रुळावर घालणाऱ्या कर्मचाऱ्याकडेच गोदामाची राखण आणि पार्सलांची मोजदादही सोपवावी, असे कोणी सुज्ञ म्हणणार नाही. माहितीच्या तुकड्यांना वाट दाखविणाऱ्या राउटरच्या बाबतीत मात्र हा विवेक आपण सोडला आहे.

गतवर्षी धानाच्या हंगामात गोरेगाव तालुक्यातील एका सेवा केंद्रात आधारभूत खरेदीच्या नोंदणीसाठी सातबारा आणि बँकेचे पासबुक हाती धरून शेतकरी सकाळपासून तिष्ठत होते, आणि टेबलाखालच्या एकाच राउटरला छपाईयंत्र, कॅमेऱ्यांचे चित्रण साठविणारी हार्ड डिस्क व साऱ्या दप्तराच्या नकला जोडलेल्या होत्या. डबा हाताला चटका बसावा इतका तापला होता. चालक तरुण तो वरचेवर बंद करून पुन्हा चालू करी. प्रत्येक वेळी अर्धा भरलेला अर्ज नाहीसा होई, आणि चुकाऱ्याच्या चिंतेने आधीच ग्रासलेला म्हातारा आपला खातेक्रमांक पुन्हा पहिल्यापासून सांगू लागे. दुपारी डिस्क काढून ठेवली, तेव्हा कुठे ओळ पुढे सरकली.

स्वस्त राउटरमधील प्रोसेसर आणि स्मृती दोन्ही तुटपुंजी असतात. साठवणीचे काम त्यांवर लादले, की मूळ कामच खोळंबते. शिवाय प्रत्येक जादा सुविधा ही परक्याला आत शिरण्याची एकेक खिडकी असते. २०१८ साली ‘व्हीपीएनफिल्टर’ या घातक प्रणालीने किमान ५४ देशांतील सुमारे ५ लाख राउटर व साठवण-उपकरणे ग्रासली होती. जाळ्याने मुख्यतः वाहतूक करावी आणि बहुतेक शहाणपण दोन्ही टोकांच्या संगणकांत असावे, हा विचार साल्झर, रीड आणि क्लार्क यांनी १९८४ सालीच साधार मांडला होता.

वेशीवरचा पहारा, म्हणजे फायरवॉल, आणि उपकरणांना पत्ते नेमून देणे ही कामे राउटरकडे असावीत, कारण ती वाटेवरचीच आहेत. तार तुटली असता गावात उपयोगी पडावे असे कागदपत्रांचे संचित ठेवणेही अगत्याचे. परंतु त्यासाठी निराळा लहान संगणक हवा. भारतनेटची तार ग्रामपंचायतीपर्यंत आणण्यासाठी सरकार एवढा खर्च करीत असता, शेवटच्या हातभर अंतरावर काटकसर कशासाठी? येत्या हंगामापूर्वी सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी सेवा केंद्राच्या टेबलाखाली एकदा वाकून पाहावे, आणि त्या डब्याला लटकलेले छपाईयंत्र व डिस्क तेवढी सोडवून घ्यावी.