नावासाठी सोडलेली जागा

हेन्री कोल यांना पत्रं लिहायला वेळ नव्हता, म्हणून नाताळचं शुभेच्छापत्र जन्माला आलं. १८४३ चा नाताळ जवळ आला, तसा लंडनमधल्या या उद्योगी सरकारी अधिकाऱ्याच्या टेबलावर उत्तराची वाट पाहणाऱ्या पत्रांचा ढीग वाढू लागला. कोल यांनी जॉन कॉलकॉट हॉर्स्ली या चित्रकार मित्राकडून एक चित्र काढून घेतलं. मधोमध पेले उंचावणारं कुटुंब, एका बाजूला भुकेल्यांना अन्न, दुसऱ्या बाजूला उघड्यांना वस्त्र. सुमारे हजार प्रती छापून हाताने रंगवल्या. किंमत एक शिलिंग. चित्रातल्या लहान मुलीच्या ओठांना दारूचा पेला लावलेला पाहून दारूबंदीवाले खवळले.

पत्रांचा हा ढीग उभा करण्यात कोल यांचाही हात होता. पूर्वी ब्रिटनमध्ये टपालखर्च सहसा पत्र घेणाऱ्याला भरावा लागे आणि तो अंतरानुसार, कागदांच्या संख्येनुसार वाढे. रोलंड हिल यांनी १८४० मध्ये देशभर एका पेनीचा दर आणला, त्या कामात कोल त्यांचे साहाय्यक होते. पत्र स्वस्त झालं आणि माणसं लिहू लागली. शिलिंगाचं कार्ड मात्र सामान्यांच्या आवाक्याबाहेरच राहिलं. छपाई स्वस्त झाली, १८७० मध्ये अर्ध्या पेनीचं पोस्टकार्ड आलं, तेव्हा कुठे ही प्रथा घरोघरी पोचली.

म्हणूनच ‘पूर्वी कार्डात जिव्हाळा होता, आता फॉरवर्डमध्ये नुसता आळस’ ही तक्रार अर्धवट आहे. कार्ड हीदेखील वेळ वाचवण्याचीच युक्ती होती. फरक एका छोट्या गोष्टीत आहे. कोल यांनी कार्डावर दोन जागा कोऱ्या सोडल्या होत्या: कोणाला आणि कोणाकडून. त्या हाताने भराव्या लागत. कोल यांनी स्वतः आपल्या आजीला पाठवलेलं एक कार्ड २००१ मध्ये लिलावात वीस हजार पौंडांहून अधिक किमतीला विकलं गेलं. ती किंमत हॉर्स्लींच्या चित्राइतकीच त्या हस्ताक्षराचीही होती.

महाराष्ट्रात ही जागा दिवाळीला भरली जाई, तशी संक्रांतीलाही. तिळगुळाच्या छोट्या भेटकार्डासोबत पाकिटात काटेरी हलव्याचे चार दाणे घालून ते परगावच्या आत्याला, मावशीला, जुन्या शेजाऱ्यांना धाडलं जाई. पाकीट न चिकटवता, झापड आत खोचून, बुकपोस्टाच्या कमी दरात. हलव्याचा वाटेत चुरा झाला तरी तो तोंडात टाकला जाई. मजकूर सगळ्यांना सारखाच, छापील. पण पत्ता लिहिताना त्या माणसाची आठवण काढावीच लागे, कोणाचं घर बदललं, कोण आता नाही, हे कळे. मोबाइलवर एकाच वेळी दोनशे जणांना चित्र जातं, तेव्हा नेमकी ही आठवण गळून पडते.

जपानकडे पाहण्यासारखं आहे. तिथं डिसेंबरात ठरल्या मुदतीत टाकलेली नववर्षाची पोस्टकार्डं, ‘नेंगाजो’, टपाल खातं राखून ठेवतं आणि १ जानेवारीला घरोघर पोचवतं. त्यांवर सोडतीचे क्रमांकही असतात. घरात कोणी वारलं असेल, तर तसं आधी कळवून त्या वर्षी कार्ड पाठवत नाहीत. या शतकाच्या सुरुवातीला अशी चार अब्जांहून अधिक कार्डं निघत, आता त्याच्या चौथ्या हिश्श्याहूनही कमी उरली आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये पोस्टकार्डाचा दर ६३ येनांवरून ८५ वर गेला. ‘हे माझं शेवटचं नेंगाजो’ असं कळवून प्रथा थांबवणारेही वाढत आहेत. दर वाढला की सवय आणखी सुटते. कोल यांच्या काळात दर उतरल्यामुळे ती लागली होती.

भारतात १ जुलै १८७९ ला पोस्टकार्ड पाव आण्याला आलं. साधं पोस्टकार्ड अजूनही पन्नास पैशांना आहे. पिन कोड महाराष्ट्रातल्याच श्रीराम भिकाजी वेलणकरांनी १९७२ मध्ये दिला. स्वस्त कार्ड आहे, पत्त्याची व्यवस्था आहे. टपाल खात्याने दिवाळीआधी ठरावीक तारखेपर्यंत आलेली कार्डं पाडव्याला पोचवण्याची हमी द्यावी आणि पोस्टकार्डाचा दर वाढवू नये. शाळांनी आकाशकंदिलाबरोबर मुलांकडून एक कार्ड करून घ्यावं आणि त्यावर आजी-आजोबांचा पत्ता पिन कोडसह मुलांनाच लिहू द्यावा.