चूक खोडावी, की तिची उलट नोंद करावी?

१/११
अनेकांनी मिळून लिहिल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये कधीतरी एखाद्याच्या हातून चुकीचा बदल सर्वांच्या सामायिक भांडारात जाऊन पडतो. अशा वेळी पहिली ऊर्मी असते ती कोणाच्या लक्षात येण्यापूर्वी तो पुसून टाकण्याची. ही ऊर्मी का आवरावी, याचे उत्तर आवृत्ती-नियंत्रणाच्या इतिहासात सापडते. #धागा

२/११
१९७२ साली बेल लॅब्जमध्ये मार्क रॉचकिंड यांनी ‘एससीसीएस’ ही प्रणाली रचली. फाइलमधील प्रत्येक बदल ‘डेल्टा’ म्हणून जपला जाई. डेल्टा काढून टाकण्याची आज्ञाही तीत होती. मात्र ज्यावर पुढे काही रचले गेलेले नाही, अशाच डेल्टावर ती चाले. दुसऱ्याच्या कामाचा पाया झालेली नोंद उपटता येत नसे.

३/११
पुढे १९८०च्या दशकात ‘आरसीएस’ आणि ‘सीव्हीएस’ आल्या, तर २००० साली ‘सबव्हर्जन’चे काम सुरू झाले. सबव्हर्जनमध्ये प्रत्येक बदलाला संपूर्ण भांडारासाठी एक अनुक्रमांक मिळतो आणि तो पुसण्याची साधी सोय नाही. चुकलेला बदल उलट दिशेने लागू करायचा आणि त्याची नवी नोंद करायची, हाच तेथील राजमार्ग.

४/११
एप्रिल २००५ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी ‘गिट’ लिहायला घेतले. यात प्रत्येक सहकाऱ्याजवळ सहसा संपूर्ण इतिहासाची प्रत असते. प्रत्येक कमिटची ओळख त्याच्या आशयावरून आणि आधीच्या कमिटच्या ओळखीवरून ठरते. साहजिकच मधला एक दुवा बदलला, की त्यापुढील सर्व दुव्यांची ओळख बदलते.

५/११
गिटमध्ये दोन्ही वाटा मोकळ्या आहेत. ‘रिसेट’ करून शाखेचे टोक मागे न्यायचे आणि ‘फोर्स पुश’ने ते सर्वांवर लादायचे, ही खोडण्याची वाट. ‘रिव्हर्ट’ करून चुकलेल्या बदलाचा नेमका उलटा बदल नव्या कमिटच्या रूपाने जोडायचा, ही उलट नोंदीची वाट.

६/११
पहिली वाट स्वच्छ भासते, परंतु ती एका गैरसमजावर उभी आहे. सामायिक भांडारातून पुसलेले कमिट सहकाऱ्यांच्या प्रतींमध्ये शाबूतच असते. त्यांच्यापैकी कोणी नकळत आपली प्रत मर्ज करून पुश केली, की पुसलेली चूक परत अवतरते. त्याहून वाईट म्हणजे, दरम्यान कोणी पाठवलेले निर्दोष कामही फोर्स पुशखाली गाडले जाऊ शकते.

७/११
नोव्हेंबर २०१३ मध्ये ‘जेन्किन्स’ या मुक्त प्रकल्पाने याचा अनुभव घेतला. एका चुकीच्या फोर्स पुशमुळे त्याच्या १८६ भांडारांतील शाखांची टोके जुन्या अवस्थेत गेली. गिट जुने कमिट लगेच नष्ट करीत नाही, म्हणून ती सावरता आली. त्यासाठी अनेकांना खपावे लागले. एका रिव्हर्टला काही क्षण पुरतात.

८/११
उलट नोंदीने इतिहास विद्रूप होतो, असा आक्षेप घेतला जातो. तो सौंदर्यदृष्टीचा आहे, उपयुक्ततेचा नव्हे. सहा महिन्यांनी तोच दोष पुन्हा उद्भवला, तर काय चुकले होते आणि ते का मागे घेतले, हे त्या दोन नोंदीच सांगतात. मात्र रिव्हर्टच्या संदेशात कारण लिहिण्याचे कष्ट घेतले पाहिजेत.

९/११
रिव्हर्टही सर्वस्वी निर्धोक नाही. मर्ज उलटवल्यास बदल जातात, पण ती शाखा जोडली गेल्याची नोंद राहते. त्यामुळे सुधारलेली शाखा पुन्हा मर्ज केली, तरी जुने बदल परत येत नाहीत. अशा वेळी रिव्हर्टचाच रिव्हर्ट करावा लागतो, हे टोरवाल्ड्स यांनी २००८ साली समजावले होते. ते स्पष्टीकरण आजही गिटच्या दस्तऐवजांत आहे.

१०/११
खोडणे नेहमीच गैर असते असे नाही. स्वतःपुरत्या शाखेवर ते खुशाल करावे. भांडारात पासवर्ड गेला असेल, तर इतिहासही साफ करावा. पण त्याआधी पासवर्ड बदलावा, कारण प्रती कोठवर पोहोचल्या हे कोणालाच ठाऊक नसते. सामायिक मुख्य शाखेवर मात्र फोर्स पुश बंदच ठेवावा.

११/११
लुका पाचोली यांनी १४९४ साली व्हेनिसमध्ये द्विनोंदी हिशेबपद्धती छापून प्रसिद्ध केली. आजही रुजू झालेली रक्कम कीर्दीत चुकली, तर हिशेबनीस ती खोडत नाही, उलट नोंद घालतो. खोडाखोड झालेल्या वहीवर भागीदाराचा विश्वास बसत नाही. सामायिक भांडारही भागीदारीची वहीच आहे. चूक मान्य करून ती उलटवणाऱ्याला संघाने दूषण देऊ नये. तसे झाले तरच पुढचा माणूस ती लपवणार नाही. (समाप्त)